पांदणीत गाडी लावून सरोवराला गेलेल्या साहेबांस



आपली पांढरी गाडी ओरखडाही न पडता पुण्याला पोचली असेल, असं धरून चालतो. न पोचायला काय झालं? जागाच आपण तशी हेरलीत. लोणार गावात गर्दी, वानरं आरशाला लोंबकळतात, म्हणून विवराच्या काठाकाठानं पुढं येत आपण आमची पांदण शोधून काढलीत. दोन्ही अंगांना बाभळी, वर गार सावली, कुणाची वर्दळ नाही. पांदणीत वर्दळ नसतेच. तिथून बैलगाडी जाते, ट्रॅक्टर जातो, आणि सोयाबीनच्या दिवसांत मळणीयंत्र जातं. एका वेळी एकच.

हँडब्रेक ओढलात, गिअरमध्ये टाकलीत, स्टिअरिंगला पिवळं कुलूप घातलंत, चाकामागं दगड लावलात. दगड आमच्या धुऱ्यावरचा होता. त्याच्यापायी माझ्या वडिलांनी आणि शेजाऱ्यानं तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, पण ते असो. वर बकऱ्या चारणाऱ्या पोराला दहाची नोट देऊन "लक्ष ठेव रे" म्हणालात. पोरगं इमानी निघालं. आम्ही गाडीला हात लावायला गेलो तर आडवं आलं.

सरोवर बघायला कुणाची ना नाही. 1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी आला होता. त्यानं घोडा कुठं बांधला देव जाणे, पण पांदण अडवल्याचं काही ऐकिवात नाही. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी रामसरच्या यादीत नाव गेलं, तेव्हापासून पाव्हण्यांना तोटा नाही. नवरात्रात कमळजामातेला आम्हीही खाली उतरतो. अहो, हे विवर पाडणाऱ्या उल्केनंसुद्धा सुमारे 1.8 किलोमीटरची जागा एकदाच घेतली आणि विषय संपवला.

दुपारी मळणीयंत्र आलं. पंधरवडाभर मिनतवारी करून मिळालेलं. पांदणीच्या तोंडाशी थांबलं, हॉर्न झाले. चौघांनी गाडी ढकलून पाहिली तर ती केकाटायला लागली आणि पलीकडच्या वावरातले बैल बुजले. यंत्रवाला म्हणाला, साखळी लावून ओढतो. मीच नको म्हणालो, दुसऱ्याची वस्तू आहे. फोन करावा तर काचेवर नंबर नाही. काचेवर होती चंदेरी पन्नी, आतल्या सीटा तापू नयेत म्हणून. यंत्रवाला तासभर थांबला आणि गेला. त्याचं तरी काय चुकलं? गावोगाव लोक त्याच्या वाटेला डोळे लावून बसलेले.

सुडी वावरातच राहिली. रात्री आभाळ फाटलं. ताडपत्री होती, पण ती वरून झाकते, पाणी खालून शिरतं. ऊन पडल्यावर सुडीत कोपरापर्यंत हात घातला तर आतून वाफ आली आणि बोटांना चिकट, काळ्या शेंगा लागल्या. काहींना कोंब फुटलेले. हमीभावाच्या केंद्रावर ओलाव्याची मर्यादा 12 टक्के, 2024 साली मोठ्या मनानं 15 पर्यंत नेली होती. कोंब आलेला दाणा कुठल्या टक्केवारीत बसवू?

उपरोध कशाला करत बसू? तुम्ही माझं पीक सडवलंत, साहेब. चार तासांच्या सावलीसाठी.

कायदा आहे म्हणे. मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906, कलम 5. शेताची वाट अडवली तर तहसीलदार अडथळा काढायचा हुकूम देतो. आधी अर्ज, मग नोटीस, मग स्थळपाहणी. नोटीस बजावायला मी काय समृद्धी महामार्गानं तुमच्या मागं धावू?

त्या दिवशी कलत्या उन्हात तुम्ही परत आलात तेव्हा चार शब्द ठेवणीतले तयार होते. पण तुम्ही आमच्याकडं बघितलंच नाही. गाडीभोवती फिरलात, एकेक दार चाचपलंत, खाली वाकून चारी चाकं पाहिलीत. बूट फाटलेला, ओठ कोरडे, बाटली रिकामी. "हप्ते चालू आहेत हो अजून," एवढंच बोललात. रात्री रानडुकरं येऊन गेली की सकाळी मी वावराभोवती असाच फिरतो, असाच वाकून बघतो. माझेही हप्ते चालू आहेत. म्हणून शिवी गिळली आणि कळशीतलं पाणी दिलं. तुम्ही थँक्यू म्हणालात, दगड तिथंच लोटलात आणि गेलात.

पुढच्या वेळी गाडी सरळ आत आणा. गोठ्यापुढं चार गाड्या मावतात. राखणीचे पैसे नकोत. रोही आणि डुकरांपायी माळ्यावर माझी जागल असतेच, त्यात तुमची गाडी काय जड आहे? फक्त किल्ली माझ्याकडं द्यायची. तुम्ही देणार नाही, ठाऊक आहे. मग निदान मोबाइल नंबर तरी काचेवर ठेवा, लांबून वाचता येईल एवढा मोठा. तोही नसेल तर यंदा बैल जुंपीन. कुलूप, गिअर, हँडब्रेक, सगळ्यासकट गाडी बाजूला होईल. पोरानं दहाची नोट घेतलेली असली तरी.

आपला,
पांदणीच्या आतला शेतकरी