बंदूक घरी, बाकी सगळं बरोबर

अमेरिकेतल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक नाटकवाला असतो, एक ढोल-ताशावाला असतो, मोदकाच्या उकडीवरून अबोला धरणाऱ्या दोन मावश्या असतात. आणि मंडळ टेक्सासमधलं असेल, तर एक शिकारी हटकून असतो. या जमातीचा आमच्या घराण्यातला नमुना म्हणजे भाऊकाका. जन्म सदाशिव पेठेतला. घरात झुरळ निघालं तर आजी त्याला सुपलीत घेऊन बोळात सोडून यायची, अशा घरातला. इंजिनियर होऊन ह्यूस्टनला गेले, तिथे ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला नेलं आणि काकांच्या अंगात एकदम कुणीतरी जहागीरदार शिरला. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झालेली, त्यामुळे पुण्यात आले की काकांच्या गोष्टींना ऐकणारे भरपूर आणि खोडून काढणारा एकही नाही.

बंदुकीच्या बाबतीत मात्र काकांकडे बोट दाखवायला जागा नाही. विमानाने न्यायची तर कडक पेटी, पेटीला कुलूप, बंदूक रिकामी, काउंटरवर आपण होऊन जाहीर केलेली. काडतुसं वेगळ्या खोक्यात, पाच किलोंच्या आत. कॅनडात शिकारीला जाताना परदेशी बंदूकधारकांसाठी जो फॉर्म असतो, त्याच्यावर आधी सही करून न्यायची नसते, हद्दीवरच्या अधिकाऱ्यासमोर करायची असते, हे काका लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतात. या सगळ्या कागदांची एक निळी फाइल आहे. काकूंच्या दागिन्यांना लॉकर नाही, फाइलीला आहे.

घोटाळा पुढे आहे. काकांच्या लेखी जगात दोनच गोष्टी असतात, बंदूक आणि सामान. बंदुकीला कागद लागतात, सामानाला चेन लागते. मॅगझिन, दुर्बीण, काडतुसाचा पट्टा, आवाज दाबणारी नळी, चट्ट्यापट्ट्यांची टोपी, हे सगळं सामान. आणि जगातल्या सरकारांचं नेमकं याच बाबतीत एकमत नाही.

कॅनडाच्या त्याच हद्दीवर निळी फाइल पाहून अधिकारी खूश झाला, आणि मग त्याने पिशवी उघडली. तिथे अर्धस्वयंचलित शिकारी रायफलच्या मॅगझिनमध्ये पाचच काडतुसं मावली पाहिजेत. काकांचं दहाचं होतं. "पण रिकामं आहे ना!" काका म्हणाले. आत किती आहेत हा प्रश्नच नव्हता, मावतात किती हा होता. "म्हणजे रिकामा डबा बघून लाडू चोरल्याचा आळ!" असं काका अजून म्हणतात. मॅगझिन तिथेच राहिलं.

आवाज दाबणाऱ्या नळीची कथा तर याहून न्यारी. टेक्सासमध्ये ती 1934 च्या कायद्याखाली नोंदवून रीतसर मिळते. नॉर्वेत शिकारी ती सर्रास लावतात, कानांची काळजी म्हणून. कॅनडात ती बाळगायलाच बंदी. आणि आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचा आवाज किंवा लोळ कमी करणारं उपांग 'अग्निशस्त्र' याच व्याख्येत येतं. म्हणजे नुसती नळी आणली तरी कायद्याच्या दृष्टीने बंदूकच आणली. काका एकदा ती "गंमत म्हणून दाखवायला" पुण्याला आणणार होते. मी फोनवर ही व्याख्या वाचून दाखवली, तेव्हा काका बराच वेळ गप्प होते. काकांच्या बाबतीत ही घटना नोंद घेण्याजोगी आहे.

अंधारात बघायची दुर्बीण हे प्रकरण उलट्या बाजूचं. तिला अडवतं ते अमेरिकन सरकार. असली वस्तू देशाबाहेर न्यायची तर परवानगी लागते, कारण स्वतःच्या बॅगेत टाकून नेली, आठवड्याने परत आणली, तरी कायद्याने ती निर्यातच. जावयाने काहीतरी धंदा करावा अशी काकांच्या सासऱ्यांची फार इच्छा होती. एका सुटकेसच्या जोरावर काका निर्यातदार झाले असते, ते राहिलं.

टोपीचं नुकसान सर्वांत किरकोळ, पण काकांना सर्वांत जास्त लागलेलं. कॅरिबियन बेटांच्या सहलीत जहाज बार्बाडोसला लागलं. तिथे लष्करी धाटणीचे चट्टेपट्टे सामान्य माणसाने अंगावर घालायलाच मनाई आहे, लहान मुलांनासुद्धा. काकांची टोपी उतरवून घेतली गेली आणि टक्कल उन्हात आलं. पुढचे दोन दिवस काका काकूंच्या फुलाफुलांच्या हॅटखाली होते. हे फोटो आमच्याकडे आहेत.

मग आलं 2024. टर्क्स अँड केकॉस बेटांवर सुटीला गेलेले काही अमेरिकन बॅगेत राहून गेलेल्या काडतुसांपायी अटकेत सापडले. काहींची तर शिकारीतलीच, विसरलेली. शिक्षा किमान 12 वर्षं! पुढे जूनमध्ये तिथला कायदा बदलून न्यायाधीशांना थोडी मोकळीक मिळाली, पण तोवर काकूंनी बातमी वाचली होती. तेव्हापासून कुठल्याही प्रवासाआधी काकू पलंगावर पांढरी चादर अंथरतात आणि काकांची प्रत्येक बॅग तिच्यावर उलटी करून झटकतात. चेनी उघडून, कप्पे बाहेर काढून, शिवणीवरून बोट फिरवून.

पहिल्या झटक्यात चादरीवर पडलं ते असं: काडतुसाच्या दोन रिकाम्या पितळी पुंगळ्या, सॅटेलाइटवरून निरोप पाठवायचं यंत्र, हरणाला भुलवायची शिट्टी आणि हरिणीच्या मूत्राची बाटली. यंत्र काकूंनी लगेच कपाटात टाकलं. भारतात असली यंत्रं परवानगीशिवाय चालत नाहीत, गोव्याच्या विमानतळावर त्यापायी परदेशी पाहुणे अडकलेले आहेत. बाटलीवर मात्र काका अडून बसले. "आपल्याकडे गोमूत्र दुकानात मिळतं, मग हरिणीने काय घोडं मारलंय?" घोडं नव्हे, हरणंच मरतात. हरणांमधला एक जीवघेणा रोग यातून पसरू नये म्हणून कॅनडातल्या ऑन्टारियोत असलं मूत्र बाळगायलाही बंदी आहे. काकूंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसतं झाकण उघडून वास घेतला आणि निकाल दिला.

एवढं करूनही व्हायचं ते झालंच. चादर बॅगांसाठी होती, जाकीट अंगात होतं. आतल्या खिशाला भोक, भोकातून अस्तरात घरंगळलेलं एक काडतूस. अमेरिकेतून सुखरूप निघालं, समुद्र ओलांडून भारतात आलं, आणि इथल्या देशांतर्गत विमानाच्या तपासणीत यंत्राच्या पडद्यावर उमटलं. तिथला जवान बिचारा सभ्य होता. "काका, हे काय आहे?"

आता इथे कुणीही शहाणा माणूस "अरे बापरे!" म्हणाला असता. काकांनी चष्मा वर केला, काडतूस उजेडाकडे धरलं आणि सांगितलं, "थर्टी-ऑट-सिक्स. 180 ग्रेनची गोळी. हरणाला उत्तम."

हे सगळं पंचनाम्यात गेलं.

गुन्हा नोंदवला गेला, पासपोर्ट अडकला, काका जामिनावर आमच्या हॉलमधल्या दिवाणावर आले. वकील म्हणाले, घाबरण्यासारखं नाही. नुसतं जवळ सापडणं पुरेसं नसतं, जवळ आहे याची जाणीव असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्येच गुणवंतलाल खटल्यात सांगितलंय. बंदूक नाही, एकटं काडतूस, चुकून राहिलेलं. अशा प्रकरणांत उच्च न्यायालयांनी कित्येकदा गुन्हे रद्द केलेत. "तुम्ही फक्त प्रतिज्ञापत्रात म्हणायचं, की मला माहीत नव्हतं."

"मला माहीत नव्हतं?" काका ताठ बसले.

"हो."

"माझ्या जाकिटात काय आहे ते मला माहीत नव्हतं, असं मी लिहून देऊ? कोर्टात? अहो, उभ्या आयुष्यात मी..."

"नव्हतंच ना माहीत?" काकू आतून म्हणाल्या.

"प्रश्न तो नाहीये!"

प्रश्न तोच होता. कायद्याने सुटकेसाठी मागितलेली गोष्ट एकच होती, अज्ञान. आणि काकांजवळ नेमकी तीच शिल्लक नव्हती. काका वकिलांना म्हणाले, "असं लिहा, की वस्तू माहितीची होती, पण तिचं ठिकाण तात्पुरतं विस्मरणात गेलेलं." वकिलांनी हात जोडले. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी परतीच्या तिकिटाची तारीख बदलायला किती डॉलर पडतात ते काकांना मोठ्याने वाचून दाखवलं, आणि काका सहीला तयार झाले.

मसुदा समोर आला. सदर वस्तूच्या अस्तित्वाची मला तिळमात्र कल्पना नव्हती, वगैरे. काकांनी पेन उघडलं, सही करणार, तेवढ्यात थांबले. पंचनाम्यातून उतरवून घेताना वकिलांच्या कारकुनाने '180 ग्रॅम' असं टाइप केलं होतं.

"ग्रॅम नव्हे, ग्रेन," काका म्हणाले. ग्रॅम खोडलं, वर सुवाच्य अक्षरात ग्रेन लिहिलं, बाजूला समासात दोन्हींचा हिशेब मांडला, आणि मग खाली सही ठोकली.