नाना वकील बघतात

बोरिवलीचं घर नानांनी एका दुपारी बघितलं आणि पसंत केलं. बाभईत, लेकीच्या घरापासून चालत जाण्यासारखं, दोन बेडरूम, स्वयंपाकघराला वेगळी बाल्कनी. काकूंनी बाल्कनीत उभं राहून वाळत घालायच्या दोऱ्या किती बसतील ते मोजलं आणि मान डोलावली. मग नाना वकील बघायला लागले, आणि पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झालेला तो कार्यक्रम नवरात्रापर्यंत पुरला.

नाना मुलुंड पूर्वेचे, महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त. नोकरीभर गळती शोधली, त्यामुळे जिथे टिपूस गळत नाही तिथेही कान लावून बसायची सवय. मिठागर रोडजवळचा वन बीएचके विकायचा, त्यात फंडाचे पैसे घालून बोरिवलीचा घ्यायचा, असा त्यांचा बेत. म्हणजे एकाच वेळी विकणारेही तेच आणि घेणारेही तेच. सकाळी विकणारे नाना म्हणत, "तीस वर्षं राहतोय रे त्या घरात, आणखी कसला पुरावा पाहिजे लोकांना?" जेवून उठले की घेणारे नाना बोरिवलीच्या मालकाबद्दल म्हणत, "तीस वर्षं राहिला म्हणून मालक झाला काय?"

वकील शोधायचा तरी कसा, ही पंचाईत खरीच आहे. वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई. दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची असावी असा नियम. राहते ती ऐकीव माहिती. ज्याचा व्यवहार सुखरूप पार पडला तो आपल्या वकिलाची तारीफ करतो, पण तो वकिलामुळे पार पडला की वकील असूनही, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? नानांनी मैदानाच्या कट्ट्यावर अशी माहिती गोळा केली आणि शंभर पानी वहीत रकाने आखले: नाव, ठिकाण, फी, स्वभाव, जिना. जिन्याचा रकाना गुडघ्यांसाठी. या शेवटच्या रकान्यावर निदान दोन चांगले वकील बाद झाले असावेत, असा माझा अंदाज आहे.

पहिलं स्थळ फोर्टातलं. पुतण्याने सुचवलेला थेट सॉलिसिटर. आपल्याकडे उपनगरात असतात ते वकील; सॉलिसिटर व्हायचं तर आर्टिकलशिप करून बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यावी लागते, आणि ती अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. नाना इस्त्रीचा सदरा घालून गेले. लाकडी लिफ्ट, पितळी पाटी, चहा किटलीतून. मग कळलं की फी तासावर. त्यानंतर नानांनी एवढ्या भरभर बोलायला सुरुवात केली की साहेबांना त्यांना दोनदा थांबवून पुन्हा विचारावं लागलं. "पुन्हा विचारल्याचेही पैसे लागले असतील," असं नाना परतीच्या गाडीत मला म्हणाले.

दुसरं स्थळ नात्यातलं. साडूंच्या सुनेचा मामा, म्हणजे आपलाच माणूस. फी घेणार नाही. फक्त ते वांद्र्याच्या फॅमिली कोर्टातले निघाले. त्यांनी नानांना बसायला सांगितलं, काकूंना थोडं लांब बसायला सांगितलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "सध्या एकत्र राहता ना?" काकूंनी त्यांचं कार्ड मात्र जपून पर्समध्ये ठेवलं.

तिसरं रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेरचं. प्लास्टिकचं टेबल, वर छत्री, लॅपटॉपवर एक मुलगा फटाफट पब्लिक डेटा एन्ट्री करतोय. इथे सगळं पॅकेज: अ‍ॅग्रीमेंटचा मसुदा, चलन, टोकन, दोन साक्षीदार. "साक्षीदार आमचे असतात, तुम्ही कुणाला सुट्टी काढायला लावू नका." नानांना ही सोय आवडली. पण मसुद्यात 'मौजे मुलुंड'च्या जागी मागच्या गिऱ्हाइकाचं 'मौजे एक्सर' तसंच राहिलेलं त्यांच्या नजरेस पडलं. "नाव बदलू की," मुलगा म्हणाला, "बाकी मजकूर सगळ्यांचा एकच असतो."

चौथा ब्रोकरचा वकील. त्याने बोरिवलीचे कागद रिक्षात बसून वाचले. बाभई नाक्यावर बसला आणि स्टेशन येईपर्यंत टायटल क्लिअर झालं. आता इथे नानांनी भाळून जायला हवं होतं, कारण त्यांना हवं होतं ते हेच. पण इतक्या लवकर काहीच न सापडणं त्यांना पटेना. आणि त्याआधी आणखी ज्या दोघांना कागदांत काही सापडलं होतं, त्यांच्यापुढे वहीत 'काम बिघडवणारा' असा शेरा होता.

नानांच्या मनातला वकील मला हळूहळू कळत गेला. त्याने सगळे कागद वाचावेत, दोनदा वाचावेत, चष्मा पुसून वाचावेत, आणि शेवटी त्यात काहीही सापडू नये. वर फी वाचण्याची नव्हे, सापडण्याची असावी. ब्रोकरला एक टक्का, म्हणजे दीड कोटीवर दीड लाख, त्यांनी हसत कबूल केले. वकिलाने तीस-पस्तीस हजारांचा आकडा काढला की, "नुसतं वाचायचे?"

वाचण्याचं मोल मुलुंडकराला तरी कुणी सांगायला नको. मुलुंडपासून कांदिवली-बोरिवलीपर्यंत डोंगराच्या बाजूला ओसी मिळालेल्या, कर भरणाऱ्या इमारतींतली माणसं एक दिवस जागी झाली तर त्यांची जमीन 'खासगी वन' ठरलेली. आधार काय, तर १९५६-५७ च्या सुमारास निघालेल्या वनखात्याच्या नोटिसा आणि १९७५ चा कायदा. २००८ मध्ये हायकोर्टाने सरकारचं म्हणणं उचलून धरलं; ३० जानेवारी २०१४ ला सुप्रीम कोर्टाने रहिवाशांना सोडवलं. मधली वर्षं त्या लोकांनी कशी काढली ते कट्ट्यावरच्या कुणालाही विचारा. वकील जुन्या दस्तांचा सर्च घेतो तो साधारण तीस वर्षांचा. आणि ती नोटीस निघाली होती त्याच्याही आधी. शिवाय सर्चच्या अहवालात मधूनमधून 'या सालच्या पुस्तकाची पाने फाटलेली' असा शेरा असतो. सगळा इतिहास वाचायला मिळतच नाही, मिळाला तेवढा तरी नीट वाचणारा माणूस हवा. हे मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "आपली बाजू पूर्वेची. इकडे वन नाही, मिठागर."

दरम्यान मुलुंडच्या घराला गिऱ्हाईक आलं. नवं जोडपं, दोघं नोकरी करणारी. वकील त्यांनी आधीच ठरवलेली होती: घाटकोपरच्या पंतनगरात बसणारी, तिशीतली, नानांच्या लेकीपेक्षा लहान. या वकीलबाईंचं नानांना दोन पानी पत्र आलं. नाना ते घेऊन माझ्याकडे आले तेव्हा कान लाल होते.

"मी घर विकतोय की तुरुंगातून सुटतोय?"

पत्रात मुद्दे साधेच होते. शेअर सर्टिफिकेटवर काकूंचं नाव एक, आधारवर दुसरं. सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का? (नाही झालेलं. २००८ मध्ये मोफा कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची वाट मोकळी झाली, तेव्हापासून आमच्या वार्षिक सभेत हा विषय दरवर्षी असतो आणि दरवर्षी सभा त्याच्या आधीच्या पार्किंगच्या विषयावर संपते.) आणि मुख्य मुद्दा: नानांनी घर घेतलं १९९४ मध्ये, पण त्याआधीच्या मालकाने बिल्डरशी केलेला १९८१ चा मूळ करार कुठे आहे?

नानांकडे त्याची झेरॉक्स होती. पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरची, अंधूक. डिसेंबर १९८५ च्या आधी फ्लॅटचे करार असेच होत, त्यामुळे मुद्रांकाबद्दल वकीलबाईंचं काही म्हणणं नव्हतं. त्यांना चेनमधली पहिली कडी अस्सल हवी होती. नसेल तर पोलिसांत कागद गहाळ झाल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, चौदा दिवस वाट, मग नानांकडून हमीपत्र.

पोलिसांनी विचारलं, "कधी हरवला?"

"माझ्याकडे कधी नव्हताच."

"मग हरवला कसा?"

या प्रश्नावर नाना त्या रात्री बराच वेळ विचार करत होते, असं काकू म्हणाल्या.

नोटीस एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात आली. नानांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून आलं ते 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' याच्या खाली. त्यांनी पाच अंक घेतले. सकाळपासून नातेवाइकांचे फोन: "घरावर काही भानगड आहे का?" नाना चष्मा लावून मोठ्याने वाचत होते: "सदर मिळकतीवर कोणाही इसमाचा विक्री, गहाण, दान, वारसा, पोटगी..."

"पोटगी?" काकू आतून म्हणाल्या. "त्याला किती दिवस आहेत?"

"चौदा."

"तो फॅमिली कोर्टवाल्यांचा नंबर आहे हो माझ्याकडे."

चौदा दिवसांत कुणी हक्क सांगायला आलं नाही. मुलुंडचा दस्त नोंदला गेला, पानोपानी 'करल'चा शिक्का बसला. मुलुंड तालुका कुर्ल्यात येतं हे कागदोपत्री ठाऊक असूनही नानांना तो शिक्का जरा लागलाच. पण रजिस्ट्रारच्या रांगेत त्यांनी एक गोष्ट पाहिली. वकीलबाई प्रत्येक पान उलटून क्रमांक तपासत होत्या आणि ऐंशीव्या की एक्याऐंशीव्या पानावर त्यांनी चूक पकडून ते पान बदलायला लावलं. बाहेर आल्यावर नाना माझ्या कानाशी म्हणाले, "खडूस आहे रे पोरगी." आणि मग, पायरीवर थांबून, "बोरिवलीवाल्याची जरा हिच्याकडून जिरवू या."

आता वकीलबाईंकडे जायचं ते ताठ मानेने, असं ठरवून नाना काकूंना घेऊन घाटकोपरला गेले. जिना दोन मजल्यांचा, लिफ्ट नाही. त्या रकान्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. वकीलबाईंनी विचारलं, घर कुणाच्या नावावर घेणार? नाना म्हणाले, माझ्या. खाली पाहिजे तर हिचं दुसरं नाव. वकीलबाईंनी कागदावर आकडा मांडला. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के, दीड कोटीवर नऊ लाख. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत, म्हणजे साडेसात. नोंदणी फी दोन्हीकडे तीच, तीस हजार.

दीड लाख. तेवढीच ब्रोकरची दलाली. नानांनी पाच मिनिटं छताकडे बघितलं आणि घर काकूंच्या नावावर झालं.

"मग काका," वकीलबाई वही काकूंच्या बाजूला सरकवत म्हणाल्या, "माझ्या अशील या. आता सूचना मी यांच्याकडून घेणार."

काकूंच्या सूचना थोडक्यात होत्या. सगळं वाचा. जे निघेल ते मला सांगा. यांना जेवल्यावर सांगा.

निघालं बरंच काही. बोरिवलीच्या मालकाचे वडील वारले तेव्हा नॉमिनी म्हणून घर त्याच्या नावावर चढलं होतं, पण त्याला दोन बहिणी होत्या. सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी लागला म्हणजे बहिणींचा वारसा संपला असं होत नाही. दोघींचं हक्कसोडपत्र हवं होतं. एक बहीण बडोद्याला, एक न्यू जर्सीत. मालकाने नानांना फोन करून तक्रार केली, की तुमची वकील फार त्रास देते हो. नाना फोनवर एवढ्या जोरात हसले की शेजारच्या बाल्कनीत मला ऐकू आलं.

"त्रास देते म्हणून तर ठेवलीय!" ते म्हणाले. वास्तविक ठेवली होती काकूंनी.

दिवाळीनंतर बोरिवलीचा दस्त झाला. काकू कॅमेऱ्यासमोर बसल्या, अंगठा दिला, फोटो निघाला. नाना ओळखदार म्हणून होते. खरेदी देणाऱ्या-घेणाऱ्याला आपण व्यक्तिशः ओळखतो असं ओळखदाराला लिहून द्यावं लागतं. कारकुनाने सवयीने विचारलं, "किती वर्षं ओळखता यांना?"

"एक्केचाळीस," नाना म्हणाले.

"आणि नीट ओळखता?"

नानांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पर्स बंद केली. "लिहा हो म्हणून," त्या कारकुनाला म्हणाल्या.

खाली उतरल्यावर नानांना मोकळं वाटलं. वकीलबाईंना रिक्षा मिळेपर्यंत त्यांनी बाजूला घेतलं आणि घसा साफ केला. "फीचं काय ते... आता दोन कामं झाली ना तुमची आमच्याकडे. म्हणजे एक त्या पोरांचं, पण आमच्याच घराचं. तेव्हा थोडं..."

"काका, फी काकूंनी काल रात्रीच पाठवली."

"सगळी?"

"सगळी. सर्चचे पैसे धरून."

"अगं पण मला विचारायचं तरी!" नाना काकूंकडे वळले.

"विचारलं असतं तर काल रात्री गेली असती का?" काकू म्हणाल्या, आणि आलेल्या रिक्षात वकीलबाईंच्या शेजारी बसल्या.