लिस्बनकर अण्णा

अण्णा सिंगापुरात बेडोकला राहतात असं त्यांच्या ओळखपत्रावर छापलेलं आहे. प्रत्यक्षात गेल्या जूनच्या सुट्टीपासून ते लिस्बनला राहतात. आणि खरोखर लिस्बनला होते, तेव्हा ते बेडोकला राहत होते.

परदेशी स्थिरावलेल्या मराठी मंडळींत ही जात हल्ली चांगलीच फोफावली आहे. जन्माचं गाव एक, नोकरीचं दुसरं, सुट्टीत पाहिलेलं तिसरं. यांपैकी ज्या गावात पाय असतील ते सोडून उरलेल्या दोन गावांबद्दल बोलायचं, हा त्यांचा कुळाचार. अण्णांच्या बाबतीत जन्माचं गाव नेमकं एकेकाळी पोर्तुगिजांच्या ताब्यातलं वसई निघालं, त्यामुळे लिस्बनशी पिढीजात खुन्नस.

सकाळी बेडोक जेट्टीपर्यंत चालून झालं की आमचं टोळकं हॉकर सेंटरात टेकतं. पूर्वी अण्णा ‘कोपी-ओ कोसॉन्ग’ म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी मागवून गप्प बसत. आता ते काउंटरवरच्या अंकलना सांगतात, “वन बिका.” लिस्बनमध्ये छोट्या कपातल्या कडक कॉफीला बिका म्हणतात. अंकल एक शब्द न बोलता कोपी-ओ कोसॉन्गच ठेवतात. अण्णा घोट घेऊन मान हलवतात, “ती मजा नाही.” मग एग टार्टची पाळी. “लिस्बनच्या बेलेंला जा. १८३७ पासून एकच दुकान. कृती शेजारच्या मठातली. वर दालचिनीची पूड. हा काय, नुसता पिवळा गोळा!” असं म्हणत म्हणत ते पिवळे गोळे संपवतात, माझ्या बशीतलासुद्धा.

लिस्बनमधले अण्णा कसे होते हे मात्र वहिनींकडून ऐकावं. वहिनी वसईला शाळेत इतिहास शिकवायच्या. अण्णांचा इतिहासही त्यांनाच चोख माहीत.

बेलेंच्या त्या दुकानाबाहेरची रांग पाहून अण्णांना म्हणे भरून आलं. सिंगापुरात मुरलेला माणूस रांग दिसली की आधी उभा राहतो, कशाची आहे ते मागाहून विचारतो. आत गेल्यावर त्यांनी सवयीने टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल ‘चोप’ केलं. (हा चोप जागा अडवायचा, द्यायचा नव्हे.) वेटरने ते कचरा समजून उचललं आणि तिथे एक जर्मन कुटुंब बसवलं. “आमच्या बेडोकला टिश्यू असेल तर मंत्रीही त्या टेबलाला हात लावणार नाही!” अण्णा त्या कुटुंबाला सांगत राहिले. जर्मन मंडळींनी त्यांना एक टार्ट देऊ केला.

शहराच्या मध्यावर बायशा नावाचा भाग आहे. १ नोव्हेंबर १७५५ला भूकंप झाला, मागून समुद्राच्या लाटा आल्या, मग आग लागली आणि लिस्बनचा बराच भाग नाहीसा झाला. पुढे मार्क्विस दि पोंबाल यांनी सरळ रेषेतले रस्ते आखून एकसारख्या इमारती उभ्या केल्या. भूकंपात टिकाव म्हणून भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घातले. बाकीचे पर्यटक दगडी फरशीवरची नक्षी पाहत होते. अण्णा मात्र थबकले आणि ओरडले, “अगं, हे तर एचडीबी!”

एचडीबी म्हणजे सिंगापूरची सरकारी घरं. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सिंगापुरात १९६१ साली बुकित हो स्वीला आग लागली, हजारो लोक उघड्यावर आले आणि सरकारी घरबांधणीने वेग धरला. आधी आपत्ती, मग खमका अधिकारी, मग एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा अशा इमारती. फक्त पोंबालने भिंतींवर मोठ्या अक्षरांत ब्लॉक नंबर रंगवले नाहीत, ही अण्णांची तक्रार. हॉटेल शोधताना दोनदा चढ चढावा लागला होता, गुडघे बोलत होते. सांता जुस्ताची १९०२ सालची लोखंडी लिफ्ट दिसली तेव्हा त्यांना देव भेटला. तिकिटाचा दर दिसला तेव्हा तो गेला. “आमच्या ब्लॉकात बाराव्या मजल्यापर्यंत फुकट नेतात,” असं सांगून ते पायी चढले.

२८ नंबरच्या पिवळ्या ट्राममध्ये मात्र बेडोकचा त्यांना विसर पडला, कारण आतला वसईकर जागा झाला. खिसेकापूंपासून सावध राहा, असं सगळे बजावतात. ज्याने वसईला भरगच्च विरार लोकलमध्ये शिरून चर्चगेट गाठलंय त्याला ट्रामचं कसलं भय? पिशवी पोटाशी घेऊन अण्णा आत घुसले, “आत चला, आत जागा आहे!” असं शुद्ध मराठीत गरजले आणि सबंध ट्राम खरोखर दोन पावलं आत सरकली. मग एका स्पॅनिश आजींना खुणेने ‘कुठे उतरणार’ विचारून त्यांनी त्यांची सीटही बुक केली.

जेरोनिमोस मठातल्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तिथे अण्णा ताठ उभे राहिले. “वसई घेतलीत ना? १७३९ला चिमाजीअप्पांनी परत घेतली!” वहिनी हळूच म्हणाल्या, “अहो, हा १५२४ला कोचीला वारला. वसई पोर्तुगिजांना मिळाली १५३४ला. मेलेल्या माणसाशी कसलं भांडता?” अण्णांनी मोर्चा गाइडकडे वळवला. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, आजही मेणवलीला आणि भीमाशंकरला टांगलेल्या आहेत, हे त्यांनी त्याला छाती फुगवून ऐकवलं. गाइडने शांतपणे विचारलं, “अजून वाजतात? छान. आमच्याकडच्या कितीतरी १७५५ला पडल्या.” त्यानंतर अण्णा दुपारभर कमी बोलले, असं वहिनी सांगतात. मला हे पटत नाही.

कारण संध्याकाळी कार्मोच्या मठात ते पुन्हा पूर्वपदावर होते. त्या भूकंपात या चर्चचं छप्पर कोसळलं. कमानी तशाच आभाळाखाली ठेवून तिथे संग्रहालय केलंय. अण्णा तिकीटखिडकीवर वाद घालत होते. “बिनछपराची चर्चेस? वसईच्या किल्ल्यात रांगेने उभी आहेत. लहानपणी त्यांत क्रिकेट खेळलोय. पैसे देऊन कोण बघेल?” वहिनींनी दोन तिकिटं काढली. आत अण्णांनी चार भिंतींचे इतके फोटो काढले की दिवाळीत वसईच्या चुलतभावांना ते पाहताना जेवण दोनदा गरम करावं लागलं. किल्ल्यात फिरायला चला म्हटलं तर म्हणाले, “तिथे काय बघायचंय? लिस्बनला बघा!”

येत्या जूनसाठी वहिनींनी दुब्रॉवनिक ठरवलंय. तिथल्या तटबंदीवर चालायची त्यांची फार दिवसांची इच्छा. अण्णा रात्र रात्र जागून शोधताहेत, मराठ्यांनी तिथल्या लोकांचं कधी काही जिंकलं होतं का. अजून काही हाती लागलेलं नाही, म्हणून तिकिटं काढायची राहिली आहेत.