पाऊण गुंठ्याचा खरेदीविधी

शेजाऱ्याची आठ फूट रुंद, शंभर फूट लांब पट्टी विकत घेऊन आपल्या कलमांच्या बागेत टेम्पो नेणे, हे कोकणातल्या गृहस्थाश्रमाचे परमोच्च ध्येय होय. क्षेत्र पाऊण गुंठाही भरत नाही. विधी मोठ्या क्षेत्रालाही चालतो. शेजारी मात्र आमच्या तात्यांसारखा हवा.

संकल्प : विषय थेट काढू नये. आधी पाऊस, मग मोहोर, मग तात्यांचा गुडघा. गुडघ्याला भरपूर वेळ द्यावा. दुसऱ्या चहाला, आढ्याकडे बघत, "ती गडग्यालगतची जागा तशी पडूनच आहे ना तात्या?" असे म्हणावे. तात्या तत्काळ उत्तरतात, "पडून? अरे, तिथे मी सुपारी लावणार आहे!" तिथे आजवर रानमोडीशिवाय काही उगवलेले नाही. पण सुपारीचा उच्चार झाला की जागा बागायत झाली असे समजावे.

भाव : तात्या सांगत नाहीत. "तूच सांग" म्हणतात. आपण सांगितला की हसतात.

कागद : सातबारा काढावा. त्यावर तात्या एकटेच असतील ही समजूत भाबडी आहे. आजोबांनंतर वाटणीच झालेली नसते, त्यामुळे खाते सामाईक. तात्या, विरारचा भाऊ, बडोद्याचा भाऊ, मयत काकांचे वारस आणि तीन आत्या. ठरावीक पट्टी विकायची तर या सगळ्यांच्या सह्या हव्यात. ही मंडळी एकत्र येतात फक्त गणपतीत, आणि गणपतीत जमिनीचा विषय काढायचा नसतो, कारण तो त्यांचा त्यांनी आधीच काढलेला असतो. तेव्हा गौरी-विसर्जन ते परतीची गाडी एवढाच मुहूर्त. जे येणार नाहीत त्यांचे नोंदणीकृत मुखत्यारपत्र घ्यावे. याच वेळी एखाद्या आत्याला आयुष्यात प्रथमच कळते की सातबाऱ्यावर आपलेही नाव आहे. ती चष्मा मागते. तात्या आपल्याशी बोलायचे बंद होतात.

कायदा : इथे थट्टा पुरे. शेतजमीन घ्यायला आपण शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. शिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. रत्नागिरीत जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र. त्याखालचा तुकडा पाडून विकता येत नाही. "लागून जमीन असली की चालतं रे," असे गावातला प्रत्येक जाणकार सांगतो. ती सवलत आधीपासून तुकडा असलेल्या जमिनीची, नवा तुकडा पाडण्याची नव्हे. मात्र २०२४ च्या नियमदुरुस्तीमुळे शेतरस्ता, विहीर अशा कारणांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने वाट निघू शकते. मंजुरी आधी, पैसे मागाहून. आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर दोन पंच धरून केलेला व्यवहार तात्या कितीही सज्जन असले तरी करू नये. तात्या जातील, मग त्यांचे बडोद्याचे पुतणे येतील.

मोजणी : भूमी अभिलेखकडे अर्ज करण्यापूर्वी आपला गडगा मुळात कुणी आणि कुठवर घातला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना खाजगीत विचारून घ्यावे.

खरे तर हे सगळे लिहिताना वैताग येतो. पाऊण गुंठा! पेट्या डोक्यावरून वाहून गड्यांच्या माना मोडल्या आणि हा गृहस्थ रानमोडीला सुपारी म्हणतो. पण आम्ही मुंबईला गेलो की आमच्या बागेतले वानर तात्याच हाकलतात. भर उन्हात, त्या गुडघ्याने. कधी पैसे मागितले नाहीत, कधी बोलूनही दाखवले नाही. हे भावात कसे धरायचे ते कुठल्याच रेडीरेकनरात नाही.

उरला फणस. पट्टीत फणस असतोच, आणि तो तात्यांच्या आईने लावलेला असतो. जमीन गेली तरी फणस आपलाच, असे तात्या गृहीत धरतात. वाद घालू नका. झाड कुणाचे, फळ कुणाचे, वाळलेली फांदी कुणी तोडायची, सगळे खरेदीखतात लिहून घ्या. दस्त झाल्यावर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. नोंद मंजूर होऊन नवा सातबारा हातात येईपर्यंत टेम्पोवाल्याला शब्द देऊ नका.