मामांचा लायका माळव्यात

इंदूरहून धार पश्चिमेला आणि देवास ईशान्येला. एकाच सहलीत दोन्ही करायची म्हणजे इंदूर मध्ये ठेवून दोन उलट दिशांना धावायचं. पण दोन्ही पवारांची संस्थानं, एकाकडे जाऊन दुसऱ्याला टाळलं तर बरं दिसत नाही, असं मामांचं म्हणणं. खरं कारण त्यांच्या गळ्यात लटकत होतं. मुंबईच्या चोर बाजारातून त्यांनी एक जुना लायका पैदा केला होता. वरच्या पत्र्यावर पंख पसरलेला गरुड कोरलेला, बाजूला काळं कातडं.

"जर्मन माल आहे," मामा म्हणाले. "तुझ्या मोबाइलसारखा नाही. ह्यात डोकं लागतं."

ते मुख्यतः रोल भरताना लागतं. बहुतेक कॅमेऱ्यांची पाठ उघडते, रोल ठेवला, जीभ अडकवली, झालं. ह्याची पाठ उघडतच नाही. उघडतं फक्त बूड. रोलची डबी आणि रिकामं रीळ ही जोडी फिल्मच्या जिभेनं एकमेकांना बांधून खालून आत सरकवायची, आणि मधली फिल्म आपण होऊन एका अरुंद फटीत शिरेल अशी आशा धरायची. शिरली की नाही ते दिसत नाही. शिवाय हल्लीच्या रोलची जीभ आखूड असते. ह्या जुन्या जातीला ती दहा सेंटिमीटर तरी लांब लागते. म्हणून कारखान्यानं कापून दिलेली फिल्म आपण पुन्हा कापायची. नाही कापली तर पूर्ण रुंदीची फिल्म फटीच्या तोंडाशीच अडून बसते.

मामांनी ती कापली नाही. "कंपनीला कळत नाही का?" एवढंच म्हणाले.

पोहे-जिलबी खाऊन आम्ही निघालो आणि धारच्या किल्ल्यात पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. लाल दगडाचा किल्ला, आत खरबुजा महाल. राघोबादादांच्या आनंदीबाईंनी ह्याच किल्ल्यात आसरा घेतला आणि १७७५ साली दुसरा बाजीराव इथेच जन्मला. मामांनी मामींना कमानीत उभं केलं आणि दोन खिडक्यांचा व्यायाम सुरू केला. एका बारीक खिडकीतून अंतर जुळवायचं. तिथे माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर बसल्या की अंतर बरोबर. मग डोळा शेजारच्या खिडकीला लावून चौकट बघायची. तोवर मामी कमानीतून निघून सावलीत गेलेल्या असत.

"अहो, झालं का?"

"हलू नकोस, तुझ्या अजून दोन आहेत."

"एकीनंच एवढं सोसलंय!"

मामा मात्र खुशीत होते. आकडा छत्तिसावर गेला, सदतीस झाला, अडतीस झाला, रोल काही संपेना. जर्मन लोक मोजून देत नाहीत, हात सैल सोडून देतात, असं त्यांनी जाहीर केलं. आकड्याची चकती चाळिसाच्या पुढे सरकून पुन्हा शून्यावर आली, तेव्हा मात्र मला ती द्रौपदीची थाळी वाटायला लागली. ह्या कॅमेऱ्यात चकती फिल्म मोजत नाही, चावीचे फेरे मोजते. फिल्म खरोखर पुढे जाते आहे का, हे पाहायचं तर डावीकडची रोल गुंडाळायची फिरकी बघायची. चावी दिली की तीही उलटी फिरली पाहिजे.

"मामा, डावीकडची फिरकी फिरते का?"

"ती कशाला फिरेल? मी उजवीकडची फिरवतोय."

बूड उघडलं. जीभ रिळाच्या चिमट्यातून केव्हाच सुटली होती. आख्खा रोल डबीत कोराच्या कोरा. ज्याच्या नावाला इतिहासानं 'पळपुटा' चिकटवलं, त्याच्या जन्मस्थळी रोल जागचा हललाही नव्हता.

मामींच्या मोबाइलमधले फोटो तेवढ्यात पुण्याला पोचूनही गेले होते.

पुढचा प्रयोग लाट मशिदीत. दिलावरखान घोरीनं १४०५ साली बांधलेली ही मशीद ज्या लोखंडी लाटेमुळे प्रसिद्ध आहे, तिचे तीन तुकडे बाहेर चौथऱ्यावर ठेवले आहेत. ते जोडले तर तेरा मीटरांहून उंच खांब होईल. दिल्लीचा लोहस्तंभ ह्याच्यापुढे बुटका, पण तो उभा आहे म्हणून त्याचं नाव. त्या तुकड्यांच्या साक्षीनं मामांनी आता जीभ कापायला घेतली. कात्री नव्हती. किल्ल्यांच्या जुडग्यात नेलकटर होता. नेलकटरनं कडा कातरलेली फिल्म कशी दिसते ते सांगत नाही, पण मूळ नियम असा की दोन भोकांच्या मधून कापायचं; भोकावर काप गेला की अर्धं भोक आत फाटतं आणि त्याची चिपळी यंत्रात पडते. नेलकटर हे नियम मानत नाही. चावी दोन-तीन फेरे फिरली आणि आत कुठेतरी बारीकसं 'कट्' झालं.

अशा वेळी इंदूरचे लाला दीनदयाळ आठवतात. बांधकाम खात्यातली नोकरी करता करता तुकोजीराव होळकरांच्या पाठबळावर ते छायाचित्रकार झाले आणि १८८०च्या दशकात मध्य भारतातल्या वास्तूंचे देखणे फोटो काढून गेले. त्यांच्या कॅमेऱ्यात काचेच्या पाट्या होत्या. वजनदार, फुटणाऱ्या, कटकटीच्या. पण काचेला जीभ नसते.

दुसऱ्या दिवशी देवास. रात्री मामांनी नवा रोल भरला होता आणि ह्या वेळी फिरकी फिरत होती, त्यामुळे चेहऱ्यावर तेज होतं. वाटेत बँक नोट प्रेस असल्यानं तिकडे कॅमेरा वळवायचा नाही, एवढं मामींनी घरीच बजावलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचं 'भानुकुल' लागलं तेव्हा मामा आपणहून गप्प झाले, हे नमूद करतो.

देवासात सगळं दुहेरी. तुकोजी आणि जिवाजी ह्या भावांनी १७२८ मध्ये बस्तान बसवलं आणि पुढे एकाच गावात दोन संस्थानं नांदली: थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन वाडे. १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होऊन आलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर ह्या कारभारानं चक्रावले आणि पुढे त्यावर पुस्तक लिहून बसले. टेकडीवर देवीसुद्धा दोन, थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. दोन देवास एक व्हायला १९४८ उजाडावं लागलं. मामांच्या खिडकीत दोन मामी एक व्हायला त्याहून किंचित कमी वेळ लागला, आणि त्या झाल्या त्याच क्षणी कॅमेऱ्याचा पडदा अर्ध्यावर अडकला.

खाली बाजारात एक म्हातारे घड्याळजी सापडले. पूर्वी कॅमेरेही दुरुस्त करायचे. त्यांनी मान तिरकी करून डावीकडची फिरकी फिरवून पाहिली, रोल अलगद डबीत परतवला, बूड काढलं, भिंग पेच फिरवावा तसं फिरवून बाजूला ठेवलं, आणि डोळ्याला काच लावून चिमट्यानं पडद्याच्या कडेची चिपळी बाहेर काढली. धारची. मग फिल्मची जीभ काढून लांब कापली, भोकांच्या मधून, टोकाला गोलाई देऊन. फटीत एक लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकवला, त्याच्या आधारानं फिल्म आत सोडली, कागद ओढून घेतला. पडदा उघडा धरून समोरून दाखवली: फिल्म दोन्ही काठांना सरळ.

भिंग परत लावण्याआधी ते थबकले. "बाबूजी, ये आपने लाइका समझ के लिया?"

"मतलब?"

"लाइका में यहाँ छोटी गोल चकरी रहती है. इसमें ये तिकोनी जीभ है. ये रूसी झोर्की है. ऊपर की चिड़िया बाद में बिठाई है."

मामांनी गरुडाकडे पाहिलं. झोर्की म्हणजे लायकाचीच नक्कल, मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्कला १९४८ पासून बनायची, हे मी हलक्या आवाजात सांगितलं. मामांनी कॅमेरा उचलून पुन्हा गळ्यात अडकवला.

"म्हणजे लायका थोरली पाती, हा धाकट्या पातीचा. घराणं एकच."

"आणि पैसे?" मामींनी विचारलं. "ते थोरल्या पातीचे दिलेत ना?"