गॅलरीतल्या सुवर्णशोधकांस अनावृत पत्र

जुन्या मोबाईलमधून सोने काढून श्रीमंत होऊ पाहणाऱ्या समस्त इच्छुकांस,

मोबाईलमध्ये सोने असते, यात अफवा काही नाही. सोने गंजत नाही आणि वीज चांगली वाहून नेते. म्हणून सर्किट बोर्डाच्या जोडणीच्या टोकांवर आणि सिमकार्डाच्या पट्टीवर त्याचा मुलामा असतो. या मुलाम्याची जाडी बहुधा एका मायक्रॉनहूनही कमी. एका मोबाईलमागे सुमारे ०.०३ ग्रॅम सोने धरले, तर दहा ग्रॅमसाठी सव्वातीनशेहून अधिक मोबाईल लागतात. इतके बंद मोबाईल ज्याच्या घरात आहेत, त्याचे दुरुस्तीचे दुकान आधीच चालू असणार.

बॅटरी काढलेल्या एक टन मोबाईलमध्ये सुमारे ३०० ग्रॅम सोने असते, तर खाणीतल्या टनभर खनिजात ते अनेकदा पाच-दहा ग्रॅमच निघते. सोने काढण्याचे व्हिडिओ टाकणाऱ्यांना हा आकडा फार प्रिय. त्यातले ग्रॅम इच्छुकाला नीट ऐकू येतात, टन मात्र येत नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने देशभर मोहीम काढून सुमारे ७९ हजार टन उपकरणे गोळा केली. त्यात ६२ लाख मोबाईल होते. एवढ्या खटाटोपातून हाती आलेले सोने ३२ किलो.

गॅलरीतल्या कारखान्याची कृती थोडक्यात अशी: तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, म्हणजे अम्लराज. त्यात सोने विरघळते, पण त्याआधी तांबे विरघळते, आणि बोर्डात तांबेच उदंड. त्यामुळे बरेचसे तेजाब तांब्यावरच खर्ची पडते. वर उठणारा तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा. तो छातीत गेल्यावर लगेच फारसे काही वाटत नाही. फुफ्फुसांत पाणी भरते ते काही तासांनी, म्हणजे व्हिडिओ टाकून झाल्यावर. शेवटी विरघळलेले सोने द्रावणातून वेगळे होऊन तळाशी बसते ते चकाकत नाही, तपकिरी चिखलासारखे दिसते. ते मिळाले तरी तांबे-शिसे मिसळलेले उरलेले आम्ल कुठे ओतायचे, हे कृतीत सांगितलेले नसते.

मुरादाबादेत या प्रश्नाचे उत्तर रामगंगेने दिले. तिथे वर्षानुवर्षे बोर्ड जाळून त्यांची राख नदीकाठी धुतली गेली. त्यातून मुख्यतः तांबे निघे. शिसे नदीत आणि धुणाऱ्यांच्या अंगात राही.

ज्यांना हा धंदा खरोखर परवडतो, ते सोन्याच्या मागे एकटे धावत नाहीत. बेल्जियममधल्या होबोकेनच्या भट्टीत उमिकोर कंपनी सतरा धातू वेगळे करते. वितळलेले तांबे सोने, चांदी, पॅलेडियम आपल्यात ओढून घेते. पुढे तांबे वेगळे काढले की हे धातू गाळात उरतात. विषारी वायू गाळणारी यंत्रणाच तिथे अवाढव्य असते. सराफाच्या पेढीवरची धूळ विकत घेऊन धुणाऱ्या झारेकऱ्यालाही धंद्याचे एक गणित पाठ असते: आधी कस काढायचा, मग भाव बोलायचा.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीत गॅलरी बसत नाही. गोळा केलेल्या मालातले बोर्ड प्रकारवार निवडणे, जुन्या संगणकांतले सिरॅमिक प्रोसेसर वेगळे ठेवणे आणि नोंदणीकृत कारखान्याला किलोच्या भावाने देणे, यात थोडाफार पैसा आहे. सोने मात्र त्यात दिसत नाही, म्हणून त्याचे व्हिडिओ कोणी काढत नाही.

कळावे. लोभ आहेच.