विठ्ठलवाडीच्या कडाक्यात कोंबडी कशी जपावी

विठ्ठलवाडीत बैठ्या घराच्या मागच्या दारी दोन-तीन कोंबड्या आणि एखादा कोंबडा बाळगून असलेल्या होतकरूंसाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांच्या मागच्या दाराचा एव्हाना टॉवर झाला आहे, त्यांनी ते नुसते हळहळण्यासाठी वाचावे. आमची पात्रता एवढीच, की खाली सांगितलेली प्रत्येक चूक आम्ही आधी स्वखर्चाने करून पाहिली आहे.

पायरी पहिली : थंडी पडली आहे का, हे ठरवणे

थर्मामीटरकडे बघू नये. तो सोळा-सतरा दाखवतो आणि माणसाची उमेद घालवतो. खात्रीची लक्षणे वेगळी. कल्याणकडे जाणाऱ्या पहाटेच्या लोकलमध्ये खिडकीची जागा रिकामी दिसते. घरातला पंखा तीनवरून एकवर येतो. बंद होत नाही, कारण त्याच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. शेजारच्या काकू कानटोपी घालून पुण्याच्या बहिणीला फोनवर सांगतात, "आमच्याकडे पण काय कमी नाही हो!" ही तीन लक्षणे जुळली की कडाका पडला असे समजावे.

आता आकडे. सांताक्रूझला नोंदलेला नीचांक ७.४ अंशांचा, तारीख २२ जानेवारी १९६२. आपण समुद्रापासून थोडे आत, म्हणून पारा इथे आणखी जरा उतरतो हे मान्य. पण पाणी गोठायला शून्य लागते. तेव्हा कोंबड्यांच्या वाडग्यात बर्फ झाला असेल या काळजीने रात्री तीनदा उठू नये. आम्ही उठलो. वाडग्यात एक झुरळ होते आणि ते आरामात पोहत होते.

पायरी दुसरी : कपडे

कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. म्हणजे आपल्याला ज्या तापात डॉक्टर घाबरून सलाईन लावतात, त्या तापात ती जन्मभर दाणे टिपत हिंडते. गारवा वाढला की ती पिसे फुलवते आणि पिसांत हवा कोंडून घेते. एक पाय पोटाशी घेते, चोच पंखात खुपसते. उघडे पाय गारठत कसे नाहीत? पायात उतरणारे गरम रक्त वर परतणाऱ्या थंड रक्ताच्या अगदी शेजारून वाहते आणि वाटेतच त्याला ऊब देऊन टाकते. लोकलमध्ये उतरणारा चढणाऱ्याला जागा देतो, त्यातला प्रकार. फक्त इथे धक्काबुक्की नाही.

हे ठाऊक नसताना आम्ही मंजुळेला, म्हणजे आमच्या कोंबडीला, जुन्या पायमोज्याचा स्वेटर शिवला. परिणाम असे : पिसे दबली, त्यातली हवा गेली, लोकर दवाने भिजली आणि मंजुळा आयुष्यात पहिल्यांदा कुडकुडली. हवालदार, म्हणजे आमचा कोंबडा, तिला परकी समजून टोचायला धावला. पायमोजा काढल्यावर संसार पूर्ववत झाला.

पायरी तिसरी : खुराडे बंद करणे, आणि लगेच उघडणे

वारा अडवायला फ्लेक्ससारखी वस्तू नाही, आणि आपल्या भागात वाढदिवसांना तोटा नाही. आम्ही हात जोडलेल्या एका भाऊंचा आठ फुटी फ्लेक्स मिळवून खुराडे चहूबाजूंनी शिवून टाकले. सकाळी दार उघडले तर डोळ्यांतून पाणी आले. ते भाऊंवरच्या प्रेमाचे नव्हते. रात्रभराच्या विष्ठेतून सुटलेला अमोनिया आत कोंडला होता, आणि कोंबड्यांच्या श्वासाची वाफ पत्र्याला लागून थेंब थेंब खाली गळत होती.

कोंबडीला गारठ्यापेक्षा ओल आणि कोंदट हवा जास्त बाधते. सर्दी, घरघर तिथूनच सुरू होते. म्हणून वारा येतो त्या बाजूला, बसलेल्या कोंबडीच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंतच फ्लेक्स किंवा गोणपाट लावावे. छपराखाली वीतभर फट मोकळी सोडावी, तिला मुंगसाला शिरता येणार नाही अशी बारीक जाळी मारावी. आमच्या खुराड्यात आता भाऊंचे फक्त जोडलेले हात उरले आहेत. कोंबड्यांना तेवढे पुरते.

पायरी चौथी : अंथरूण

भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा चार-पाच बोटे जाड पसरावा. शेजारी उल्हासनगरचा फर्निचर बाजार असल्याने भुशाचा दुष्काळ नाही. फक्त तो साध्या लाकडाचा घ्यावा, पॉलिश आणि प्लायच्या धुळीचा नको. रोज काठीने खालीवर करावा, ओले गठ्ठे काढून टाकावेत. बसायला गोल पाइप देऊ नये. दोन बोटे रुंद, चपटी पट्टी दिली की कोंबडी पायाच्या बोटांवर पोट टेकून बसते आणि आपले पांघरूण आपणच होते.

पायरी पाचवी : आहार

संध्याकाळी मूठभर बाजरी आणि भरडलेला मका द्यावा. रात्रभर ते पचत राहते आणि आतून शेगडी चालू राहते. आपण भोगीला तीळ लावून बाजरीची भाकरी खातो, त्यामागचा विचार हाच. कोंबडीला तेवढे लोणी लागत नाही. पाणी सकाळी ताजे, हवे तर कोमट द्यावे. गार पाणी ती कमी पिते, आणि पाणी कमी पडले की अंडीही कमी पडतात.

पायरी सहावी : अंडी

डिसेंबरात अंडी आटली की लोक थंडीला बोल लावतात. बिचारी थंडी! कोंबडीचा हिशेब उजेडाशी असतो. भरपूर अंडी द्यायला तिला दिवसाचा चौदा-एक तास उजेड हवा, आणि आपला डिसेंबरातला दिवस अकरा तासांतच आटोपतो. शिवाय याच सुमारास ती जुनी पिसे टाकून नवी घालते. मग खाल्लेले सगळे पिसांवर खर्च होते.

उपाय म्हणून आम्ही पहाटे तीनला बल्ब लावला. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, हे वाडवडील सांगून गेले. पण तांबडे फुटले नसतानाही बल्ब लावून कोंबडे आरवते, हे सांगायला ते विसरले. हवालदाराने तीन वाजून चार मिनिटांनी ड्यूटी सुरू केली. साडेतीनला चाळीतली सात माणसे आमच्या दारात. काकू कानटोपीसकट पुढे. "अंडी विकत आणा, पैसे आम्ही देतो!" पाचव्या दिवशी बल्ब उतरला. हौसच असेल तर तो संध्याकाळी लावावा, आणि भुशापासून लांब. भुसा पेटायला वेळ लागत नाही.

पायरी सातवी : खरे धोके

इथे विनोद बंद. मानमोडी, म्हणजे रानीखेत, या रोगाची लस वेळेवर द्यावी. पाखरू गेल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत, फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्ड फ्लू आला आणि परिसरातल्या हजारो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. म्हणून बाजारातून आणलेले नवे पाखरू काही आठवडे वेगळे ठेवावे. एकाएकी दोन-चार पाखरे दगावली तर जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कळवावे. गुपचूप वालधुनीत टाकू नयेत. त्या नदीला आधीच पुष्कळ सोसावे लागते.

दुसरा धोका कॅलेंडरात असतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कोंबडी सुरक्षित असते. त्यानंतर थर्टी फर्स्ट येतो, आणि पाठोपाठ खाली रायगडात पोपटीचा हंगाम भरात येतो. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडके आणि भोवती जाळ. कोंबडीला ऊब देण्याचा हाही एक मार्ग आहे, पण तो या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर पडतो. पाहुणे "तुमच्याकडे गावठी आहे ना?" असे म्हणाले, की विषय बदलावा.

पायरी आठवी : पहाटेची तपासणी

रोज उजाडायच्या सुमारास खुराड्याकडे जावे. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, बोटे बधिर. मंजुळा टोपलीत खुडूक बसलेली असते. तिच्या पोटाखाली अलगद हात घालावा. ती कुरकुर करते, पण टोचत नाही. अंडे नसले तरी हात लगेच काढू नये.

आम्ही दहा मिनिटे काढत नाही. मग दुसरा हात घालतो.